गाय उठते तशी उठणारी गाडी

मुलांनो, बसलेली गाय कशी उठते हे कधी नीट पाहिलं आहे का? आधी ती मागचे पाय ताठ करते, मागचा भाग वर येतो, मग पुढचे गुडघे सरळ करून ती उभी राहते. घोड्याचं नेमकं उलट. तो आधी पुढचे पाय टेकवतो.

फ्रान्समध्ये एक मोटार अगदी गायीसारखी उठते! रात्रभर दारात उभी राहिली की सकाळी तिचं पोट जमिनीला टेकायला आलेलं असतं. नवख्या माणसाला वाटावं, चारही टायर बसले. पण इंजिन सुरू केलं की थोड्याच वेळात तिचा मागचा भाग हळूहळू वर येतो, मग पुढचा. गाडी निघायला तयार!

या गाडीचं नाव सित्रोएन बी.एक्स. १९८२ ते १९९४ या काळात अशा २३ लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. त्या काळी फ्रान्समधल्या साध्या नोकरदार कुटुंबाची ही गाडी होती. आज यातली अगदी शेवटची गाडीसुद्धा तिशी ओलांडलेली आहे.

आता अशी कल्पना करा, की तुम्ही फ्रान्समधल्या एका लहानशा गावात राहता आणि तुमच्या आजोबांनी १९९० साली घेतलेली बी.एक्स. अजून घरात आहे. पूर्वी ती खड्ड्यांवरून गादीवर बसल्यासारखी जायची. हल्ली मात्र बैलगाडीसारखी खडखड करते. शेजारी म्हणतात, "अहो, ती तेलाची भानगड कोण दुरुस्त करणार? द्या भंगारात!"

द्यायची का? थांबा. आधी ती गाडी काय सांगते आहे, ते ऐकू या.

स्प्रिंगच नाही!

ट्रकच्या मागच्या चाकांजवळ लोखंडी पट्ट्यांची चळत दिसते. तिला 'पाटे' म्हणतात. मोटरसायकलला वेटोळ्याची स्प्रिंग असते. खड्डा आला की पाटे किंवा स्प्रिंग दबते, त्यामुळे आपल्याला हादरा कमी बसतो. या सगळ्या व्यवस्थेला सस्पेन्शन म्हणतात.

बी.एक्स.ला पाटे नाहीत आणि वेटोळ्याची स्प्रिंगही नाही. तिच्या प्रत्येक चाकापाशी सोललेल्या नारळाएवढा एक पोलादी गोळा आहे. गोळ्याच्या आत मधोमध रबरासारखा लवचीक पडदा. पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन वायू दाबून भरलेला, दुसऱ्या बाजूला तेल. चाक खड्ड्यातून किंवा उंचवट्यावरून गेलं की एक दट्ट्या तेलाला गोळ्यात ढकलतो. तेल पडद्याला ढकलतं, पडदा वायूला दाबतो. दाबलेला वायू लगेच उलट ढकलतो. म्हणजे इथे स्प्रिंगचं काम कोण करतं? वायू!

गोळ्याच्या तोंडाशी बारीक भोकं आणि झडपा असतात. तेलाला त्यातून जाताना अडथळा होतो, म्हणून गाडी चेंडूसारखी उड्या मारत बसत नाही. दुसऱ्या गाड्यांत हे काम 'शॉकअप' करतात. इथे तेही गोळ्यातच!

पण मग नायट्रोजनच का? साधी हवा का नाही भरली? कारण हवेत ऑक्सिजन असतो. जोरात दाबलेली हवा तापते, आणि तापलेला ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर भडका उडू शकतो. नायट्रोजन आपला शांत स्वभावाचा. तेलाच्या वाटेला जात नाही.

करून बघा

माझ्या वर्गातल्या मुलांना हे पटेना. "बाई, तेल मऊ असतं, मग गादी तेलाचीच झाली की!" म्हणून आम्ही एक प्रयोग केला. तुम्हीही करा. औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज आणा. वापरलेल्या अजिबात घ्यायच्या नाहीत.

पहिली सिरिंज अर्धी पाण्याने भरा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. तोंडावर बोट घट्ट धरा आणि दट्ट्या दाबा. दबतो का? जागचा हलत नाही! आता दुसरी सिरिंज अर्धी हवेने भरा, तोंडावर बोट धरा आणि दाबा. दट्ट्या आत जातो, सोडला की टुणकन परत येतो.

कळलं ना? पाणी किंवा तेल दाबून लहान होत नाही. वायू होतो. तेल नुसतं निरोप्याचं काम करतं. चाकाला बसलेला धक्का ते वायूपर्यंत नेऊन पोचवतं. गादी होतो तो वायूच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बॉलकॉक माहीत आहे?

गच्चीवरच्या टाकीत पाणी पुरेसं भरलं की नळ आपोआप बंद होतो. तिथे तरंगता चेंडू असतो, त्याला आपण बॉलकॉक म्हणतो. या गाडीतही पुढे एक आणि मागे एक अशी 'उंची राखणारी' झडप असते. मागे पाच पोती बटाटे ठेवले, गाडी खाली बसली, की झडप उघडते. जास्तीचं तेल आत जातं आणि गाडी पुन्हा ठरल्या उंचीवर येते. पोती उतरवली की तेल परत टाकीत. म्हणून ओझं असो वा नसो, गाडीची उंची तीच!

तेल ढकलायला इंजिनवर चालणारा पंप असतो. दाब किती? १४५ ते १७० बार. हा आकडा किती मोठा आहे बघा. मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार हवा असते, म्हणजे आपण पंपावर 'तीस पौंड टाका' म्हणतो ती. इथे दाब त्याच्या सत्तर-ऐंशी पट! पंपाला सतत राबावं लागू नये म्हणून आणखी एक, पाचवा गोळा असतो. तो दाबाची शिल्लक साठवतो. घरात अडीअडचणीसाठी डब्यात पैसे ठेवतात ना, तसा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. बी.एक्स.चे ब्रेकसुद्धा याच तेलावर चालतात. मागच्या ब्रेकचा दाब तर मागच्या सस्पेन्शनमधूनच घेतलेला आहे. मागे ओझं जास्त, तर मागचा ब्रेकही जास्त जोरात लागतो. किती हुशारीची योजना! पण म्हणूनच या तेलाकडे दुर्लक्ष म्हणजे नुसते धक्के खाणं नाही, जिवाशी खेळ आहे.

पदवी नसलेला इंजिनिअर

ही कल्पना कुणाची? पॉल माजेस हे त्यांचं नाव. जन्म १९०८. सतराव्या वर्षी, १९२५ मध्ये, ते सित्रोएन कंपनीत कामाला लागले. इंजिनिअरची पदवी त्यांच्याकडे नव्हती. जे शिकले ते काम करता करता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते ब्रेक आणि सस्पेन्शनच्या कोड्याला भिडले. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी, दोन्ही सारख्याच मऊ चालल्या पाहिजेत, हे ते कोडं.

१९५४ साली एका गाडीच्या फक्त मागच्या चाकांना हे गोळे बसवून पाहिले. मग ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आली डी.एस. ही गाडी. चारही चाकांना गोळे. फ्रेंच भाषेत 'डी.एस.' ही अक्षरं उच्चारली की 'देवी' असा शब्द ऐकू येतो. पहिल्याच दिवशी सुमारे १२ हजार लोकांनी मागणी नोंदवली! चाक बदलायचं असेल तर या गाडीला जॅक मारावा लागत नसे. गाडी आपली आपण उंच व्हायची, खाली टेकू लावायचा, मग गाडी खाली उतरवताना चाकच वर उचललं जायचं. रुग्णाला हादरे बसू नयेत म्हणून या गाडीच्या रुग्णवाहिकाही फ्रान्समध्ये धावत.

२२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ राष्ट्राध्यक्ष चार्ल्स द गॉल यांच्या डी.एस. गाडीवर मारेकऱ्यांनी गोळीबार केला. टायर फुटले. तरी चालकाने गाडी ताब्यात ठेवली आणि ती वेगाने बाहेर काढली. द गॉल आणि त्यांच्या पत्नी वाचल्या. चालकाचं कौशल्य तर होतंच, पण गाडीच्या या चारही पायांनीही साथ दिली, असं आजही सांगितलं जातं.

पण सगळं सुरळीत नव्हतं हं. सुरुवातीच्या गाड्यांत तेल गळायचं. गॅरेजवाल्यांना ही यंत्रणा नवीन होती, कुठे हात घालायचा कळायचं नाही. "ही गाडी म्हणजे कटकट" अशी बदनामी झाली, आणि ती पुढे कितीतरी वर्षं चिकटून राहिली. न कळणाऱ्या गोष्टीला आपण किती पटकन वाईट ठरवतो, नाही का?

कान, हात आणि डोळे

आता आपल्या आजोबांच्या गाडीकडे परत येऊ. ती काय सांगते ते ऐकायला तीन साधनं पुरतात. कान, हात आणि डोळे.

आधी कान. इंजिन नुसतं सुरू ठेवून गाडी उभी करायची. मधूनमधून 'टिक' असा आवाज येतो. दाब पुरेसा झाला की एक झडप पंपाचं तेल परत टाकीकडे वळवते आणि दाब उतरला की पुन्हा कामाला लावते, त्याचा हा आवाज. घड्याळ घेऊन दोन टिकांमधलं अंतर मोजा. निरोगी गाडीत ते अर्ध्या मिनिटाच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. दर चार-पाच सेकंदांनी टिकटिक होत असेल तर ओळखा, शिल्लक ठेवणाऱ्या पाचव्या गोळ्यातला वायू संपत आलाय. डबा रिकामा, म्हणून पंपाला सारखं पळावं लागतंय. हे मोजायला मेकॅनिक कशाला हवा? दुसरीतलं मूलही मोजेल.

मग हात. इंजिन सुरू असताना गाडीचा कोपरा मोठ्या माणसाने खाली दाबायचा. मऊपणे खाली गेला, हळूच वर आला, तर त्या चाकाचा गोळा ठीक. भिंतीला धक्का दिल्यासारखं वाटलं तर गोळा गेला. आता सिरिंजचा प्रयोग आठवा. पडदा कितीही चांगला असला तरी त्यातून वायू वर्षानुवर्षं अगदी थोडा थोडा झिरपत राहतो. वायू गेला की उरतं काय? नुसतं तेल. आणि तेल तर दबत नाही! म्हणून दुसरी गाडी म्हातारी झाली की डुलते, आणि ही म्हातारी झाली की दगड होते. आजोबांच्या गाडीच्या खडखडीचं कारण सापडलं!

शेवटी डोळे. तेलाच्या टाकीवर पातळी दाखवणारी खूण असते. पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून आणि गाडी सर्वात उंच करून. का बरं? गाडी उंच असताना जास्तीत जास्त तेल चाकांपाशी गेलेलं असतं, त्यामुळे टाकीत किती उरलं ते खरं कळतं. गाडी खाली बसलेली असताना टाकी भरलेली दिसते आणि फसगत होते. त्यानंतर गाडी उभी असते तिथली जमीन बघायची. हिरवे डाग आहेत का? टाकीकडे परत येणाऱ्या रबरी नळ्यांचा एक जुडगा असतो. त्याला इतके पाय, की मेकॅनिक त्याला 'ऑक्टोपस' म्हणतात. रबर जुनं झालं की तिथून गळती सुरू होते. मागे जाणाऱ्या पोलादी नळ्याही तपासाव्या लागतात. फ्रान्समध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मिठाने लोखंड गंजतं.

आणि रात्री गाडी खाली बसते, तो काय रोग आहे? नाही! थोडं थोडं तेल टाकीत परत जाणं हा तिचा स्वभाव आहे. मात्र इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांतच बसत असेल, तर कुठली तरी झडप झिजली आहे.

हिरवं की लाल?

सुरुवातीच्या डी.एस.मध्ये लाल तेल असे. त्याला एक वाईट खोड होती, ते हवेतला ओलावा शोषून घेई. पावसाळ्यात मीठ पाणावतं ना, तसं. मग आतल्या आत गंज चढे. म्हणून १९६६ साली हिरवं खनिज तेल आलं. एल.एच.एम. हे त्याचं नाव. ते ओलावा धरत नाही. बी.एक्स.मध्ये हेच लागतं.

इथेच मोठी चूक होते. दोन तेलांसाठी रबरी वायसर वेगवेगळ्या प्रकारचे असतात. हिरव्याच्या गाडीत लाल तेल किंवा साधं ब्रेक ऑइल ओतलं, की वायसर फुगतात, खराब होतात आणि सगळी यंत्रणा कामातून जाते. एका बाटलीच्या चुकीसाठी अख्खी गाडी! हिरवं तेलही कायमचं नसतं. साधारण ६० हजार किलोमीटरला ते बदलतात, आणि त्याच वेळी टाकीतल्या जाळ्या काढून धुतात. पोह्यांच्या डब्याइतकंच सोपं: डबा घासल्याशिवाय नवे पोहे भरायचे नाहीत.

हे मात्र करायचं नाही

आता जरा कान उघडे ठेवून वाचा. ही गाडी आपणहून खाली बसते. म्हणून गाडी उंच दिसली तरी तिच्याखाली हात, पाय, डोकं कधीही घालायचं नाही. मेकॅनिकसुद्धा भक्कम टेकू लावल्याशिवाय खाली जात नाहीत. नळी सैल करण्याआधी ते गाडी सर्वात खाली बसवतात, दाब सोडणारा बोल्ट सैल करतात आणि मगच पान्याला हात लावतात. इतक्या दाबाची बारीकशी चिळकांडीसुद्धा सुईसारखी कातडीत घुसते. तेव्हा गळती कुठे आहे ते बोटाने चाचपून बघायचं नाही.

आणखी एक. गाडीच्या समोरच्या फळीवर लाल 'थांबा' दिवा असतो. दाब कमी झाला की तो पेटतो. यंत्रणा उरलेलं तेल आधी ब्रेकसाठी राखून ठेवते, म्हणजे गाडी सावकाश थांबवता यावी. "चला, घर जवळच आहे" असं म्हणून पुढे जाण्यासाठी नव्हे!

मग भंगारात द्यायची का?

आजोबांच्या गाडीला झालं होतं काय? गोळ्यांतला वायू कमी झाला होता, जाळ्या तुंबल्या होत्या, एक रबरी नळी चिरली होती. गाडी मेली नव्हती, गेली काही वर्षं ती नुसती सांगत होती आणि कुणी ऐकत नव्हतं. गोळे आजही नवे मिळतात. दाब सोडल्यावर जुना गोळा पट्ट्याच्या पान्याने फिरवून काढायचा, नवी रबरी कडी तेलात बुडवून बसवायची, नवा गोळा हातानेच घट्ट करायचा. जाणकार मेकॅनिकला हे काम अवघड नाही. फ्रान्समध्ये चार वर्षांहून जुन्या गाडीची दर दोन वर्षांनी सरकारमान्य तपासणी होते, १९९२ पासून हा नियम आहे. वेळच्या वेळी काळजी घेतलेली बी.एक्स. त्या परीक्षेत आजही पास होते.

सित्रोएन कंपनीने अशा गोळ्यांच्या गाड्या बनवणं २०१७ साली थांबवलं. आपल्याकडे २०२१ पासून या कंपनीच्या गाड्या विकायला आल्या, पण त्यांत हे गोळे नाहीत. म्हणजे जगात ज्या आहेत, तेवढ्याच. त्या टिकतील की नाही, हे त्या त्या घरातल्या माणसांच्या कान, हात आणि डोळ्यांवर आहे.

आपल्या घरी बी.एक्स. नाही, हे मला माहीत आहे. पण तुमची सायकल आहे. तिची चेन कुरकुरते का? ब्रेकचं रबर झिजलंय का? आजीचं शिलाई मशीन, बाबांची जुनी स्कूटर, गच्चीवरचा बॉलकॉक… या रविवारी आई-बाबांना सोबत घ्या आणि यातलं एक तरी यंत्र पाच मिनिटं शांतपणे ऐका. काय ऐकू आलं ते वहीत लिहून ठेवा आणि सोमवारी तुमच्या बाईंना किंवा गुरुजींना नक्की सांगा.